पार्कच्या दाराशी ठेवू की घराजवळ?

सुट्ट्या तोंडावर आल्या की पत्रांचा विषय ठरलेला: आम्ही थीम पार्कला चाललोय, कुत्र्याचं काय करू? मी बरीच वर्षं केनेल चालवलं. मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही, लोकांची कुत्री सांभाळणारी बाई आहे. औषधाचं काही विचारलंत तर शेवटी तुम्हाला डॉक्टरांच्याच दारात नेऊन सोडणार, हे आधीच सांगते. या वेळी आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. लांबलेली पत्रं थोडी छाटली आहेत.

ताई, आम्ही चौघं आणि आमची तीन वर्षांची लॅब्राडॉर. गाडीने थीम पार्कला जाणार, दोन दिवस. पार्किंगला लागूनच पार्कचं केनेल आहे. सकाळी ठेवायचं, रात्री घेऊन हॉटेलवर जायचं. नवऱ्याचं म्हणणं, तिथेच ठेवू, मधे जाऊन भेटताही येईल. मला वाटतं तिला घराजवळच्या बोर्डिंगमध्ये दोन रात्री ठेवावं. कोण बरोबर?

बहुतेक वेळा तुम्ही. नवऱ्याला हे पत्र वाचायला देण्याआधी पुढचं सगळं वाचा, कारण शेवटी थोडा वाटा त्यांनाही मिळणार आहे.

दाराजवळचं केनेल तुमच्या रस्त्यावर पडतं म्हणून सोयीचं वाटतं. ती सोय तुमची. कुत्रीचा दिवस तिथे कसा जातो ते वेगळं मोजा. सकाळी अनोळखी जागी उतरायचं. तिथली बाकीची कुत्रीही त्याच दिवशी पहिल्यांदा आलेली, म्हणजे सगळीच घाबरलेली. संध्याकाळी ती जातात आणि दुसऱ्या दिवशी नवा घोळका येतो. नेहमीच्या बोर्डिंगमध्ये निदान अर्धी कुत्री दोन-तीन दिवस मुरलेली असतात, आणि मुरलेली कुत्री नव्यांना गप्प करतात. माझ्याकडे एक म्हातारी ग्रेट डेन नेहमी मुक्कामाला असायची. ती आडवी पडलेली दिसली की शेजारच्या खोलीतलं नवं पिल्लूही थोड्या वेळाने आडवं व्हायचं. माझ्या पगारी माणसांना ते जमत नव्हतं.

आता पार्कवाल्यांच्या पद्धती बघा, कारण त्या एकसारख्या नसतात. फ्लॉरिडातल्या युनिव्हर्सल ऑर्लँडोचं केनेल फक्त दिवसाचं आहे. रात्री कुत्रं ठेवत नाहीत, आणि मधे येऊन फिरवायची जबाबदारी मालकाची. तिथलंच डिस्ने वर्ल्ड घ्या. पूर्वी तिथे पार्कांच्या दाराशी छोटी केनेल असायची. 2010 मध्ये ती जाऊन एकच मोठं केंद्र आलं, तिथे दिवसाही ठेवता येतं आणि रात्रीही. डिस्नेलँड पॅरिसचं प्राण्यांचं केंद्र गाड्यांच्या तळाजवळ आहे. आणि नेदरलँड्समधल्या एफ्टलिंगमध्ये तर पट्ट्याला बांधलेलं कुत्रं थेट पार्कात नेता येतं, राइडमध्ये मात्र नाही. म्हणून 'पार्कचं केनेल आहे' एवढ्यावर थांबू नका. रात्री ठेवतात का, फिरवणार कोण, पाणी कोण बदलणार, तुमच्या कुत्रीला उलटी झाली तर फोन कोण करणार आणि डॉक्टर किती लांब आहे, हे पाच प्रश्न फोनवर विचारा. उत्तर देणारी व्यक्ती अडखळली तर तेच उत्तर समजा.

'मधे जाऊन भेटू' हे घरी बसून सोपं वाटतं. प्रत्यक्षात राइडच्या रांगेतून बाहेर पडायचं, दाराशी हातावर शिक्का मारून घ्यायचा, पार्किंगपर्यंत चालायचं किंवा गाडीची वाट बघायची, कुत्रीला बाहेर काढायचं, ती वास घेत घेत दहा मिनिटं लावणार, मग परत पिंजरा, परत सुरक्षेची रांग. बघता बघता तास जातो. हे दिवसातून किमान दोनदा. मुलं लहान असतील तर ही फेरी दोघांपैकी एकालाच करावी लागते, आणि दुपारनंतर ती फेरी रद्द होते. कोणी वाईट नसतं, माणसं थकतात. पण कुत्री सकाळी नऊपासून थांबलेली असते.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. तुमची लॅब्राडॉर शूला कुठे बसते? गवतावरच बसायची सवय असेल तर सिमेंटच्या जागेत ती तासन्‌तास धरून ठेवेल. माझ्याकडे अशी कुत्री यायची. सिमेंटच्या धावपट्टीवर सोडलं की कान पाडून उभी राहायची, जणू कोणाच्या दिवाणखान्यात नेलंय. दाराबाहेर गवताचा तुकडा दिसला की पायऱ्या उतरता उतरताच बसायची. म्हणून निघण्याआधी दोन आठवडे तिला मुद्दाम कठीण जमिनीवरही शू करायला शिकवा, आणि केनेलवाल्यांना 'गवत कुठे आहे?' हे विचारा. हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून विचारल्यावर माणूस चमकून बघतो.

आवाजाचं काय? पार्कातल्या राइडचा आवाज दूरवर जातो, रात्री फटाके असतात, आणि तुम्ही रमलेले असता तेव्हाच तिची सगळ्यात कठीण वेळ असते. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे 45 किलोहर्ट्झपर्यंत. त्यात केनेलचा स्वतःचा आवाज मिळवा. मोठ्या केनेलमध्ये भुंकण्याचा आवाज मोजला तर 100 डेसिबलच्याही वर गेलेला आढळला आहे. त्यामुळे भिंतींना आवाज शोषणारं काही लावलंय का, समोरासमोरच्या जाळ्यांमध्ये आडोसा आहे का, हे बघण्यासारखं आहे. समोरचं कुत्रं दिसलं नाही की निम्मं भुंकणं कमी होतं, हा माझा अनुभव.

आता तुमच्या नवऱ्याचा वाटा. कुत्री लहानपणापासून पिंजऱ्यात झोपायला सवयलेली असेल, प्रवासाची असेल, फटाक्यांना घाबरत नसेल, तुमच्यापैकी एखाद्या माणसाला राइडमध्ये बसायचंच नसेल आणि तो खुशीने दर तीन-चार तासांनी जाईल, तर दाराजवळचं केनेल ठीक आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबा दरवेळी हे काम मागून घेतात. त्यांना रोलरकोस्टर बघायलाही नको असतो. असे आजोबा असतील तर न्या.

नसतील, तर घराजवळचं बोर्डिंग. पण त्याला एक अट आहे: पार्कच्या सहलीची रात्र ही तिची तिथली पहिली रात्र नसावी. महिनाभर आधी एक दिवस ठेवा, मग एक रात्र. 1997 मध्ये अमेरिकेतल्या एका प्राणी निवाऱ्यातल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसोल मोजलं गेलं, म्हणजे ताणाचं संप्रेरक. नव्या आलेल्यांमध्ये पहिले तीन दिवस ते चढलेलं होतं, नऊ दिवसांहून जास्त राहिलेल्यांमध्ये कमी. निवारा वेगळा आणि बोर्डिंग वेगळं, मान्य. तरीही, तुमची सहल दोन दिवसांची आणि पहिले तीन दिवसच जड, हा हिशेब लक्षात घ्या. आधीची एक रात्र त्या जड दिवसांपैकी एक तरी खर्ची पाडते.

आम्ही दुपारी भेटून आलो तर तिला बरं वाटेल ना? की कुत्र्याला वेळेचं भान नसतं?

भान असतं, पण आपण समजतो तसं नाही. स्वीडनमध्ये 2011 साली एक छोटा प्रयोग झाला. घरी एकट्या राहिलेल्या कुत्र्यांकडे मालक अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी परत आला. अर्ध्या तासापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत जोरदार होतं. दोन आणि चार तासांत मात्र फारसा फरक दिसला नाही. प्रयोगात कुत्री मोजकीच होती, त्यामुळे त्यावर मी इमारत उभी करणार नाही. पण मूत्राशयाला तासांचा फरक नक्की कळतो.

भेटीबद्दल माझं मत: फिरवायला जा, भेटायला जाऊ नका. म्हणजे पट्टा लावा, सरळ बाहेर काढा, चालवा, पाणी द्या, आत सोडा, निघा. जाळीसमोर बसून पाच मिनिटं 'माझं बाळ, माझं सोनं' करणं आणि मग उठून जाणं, यात कुत्रीच्या दृष्टीने तुम्ही तिला एका दिवसात दोनदा सोडता. सकाळी सोडतानाही तेच. मी दाराशी उभी राहून बघितलंय, रडवेल्या मालकांची कुत्री जास्त वेळ दाराकडे तोंड करून बसायची. जी माणसं पट्टा माझ्या हातात देऊन 'येतो रे' म्हणत वळायची, त्यांची कुत्री मिनिटभरात माझ्या खिशातला खाऊ शोधायला लागायची.

बोर्डिंग बघायला जाताना नेमकं काय बघायचं? सगळे आम्हाला चकचकीत फरशा आणि मऊ गाद्या दाखवतात.

आधी नाक. आत शिरल्यावर फिनाइलचा किंवा अत्तराचा भडक वास आला तर काहीतरी झाकलं जातंय. थोडा कुत्र्यांचा, थोडा ओल्या फरशीचा वास असायचाच, तो खरा. मग कान: सगळी कुत्री एकसारखी भुंकतायत, की एखादं भुंकून गप्प होतंय? मग नजर. कुत्र्यांकडे नंतर बघा, आधी माणसाकडे. तो जाळीजवळून जाताना कुत्री मागे सरकतात की शेपूट हलवत पुढे येतात, यात सगळी कहाणी आहे.

नंतर विचारा, रात्री इथे कोण असतं? मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे. 'कॅमेरे आहेत' हे त्याचं उत्तर नाही. मोठ्या छातीच्या जातींमध्ये पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशांमध्ये. पोट फुगतं, कुत्रं ओकायचा प्रयत्न करतं पण बाहेर काही येत नाही, अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतं. यात तासांवर जीव अवलंबून असतो आणि शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं. कॅमेऱ्यात ते दिसेलही, पण कॅमेऱ्याला गाडी काढता येत नाही. रात्री माणूस इमारतीतच झोपत असेल तर त्या केनेलच्या फरशा खडबडीत असल्या तरी मी माफ करेन.

नोंदवही मागा. कोणत्या कुत्र्याने किती खाल्लं, शी कशी झाली, औषध किती वाजता दिलं, हे लिहिलेलं असलं पाहिजे. 'आम्हाला सगळं लक्षात असतं' म्हणणारी माणसं प्रेमळ असतात, पण एका वेळी वीस कुत्री असली की काही लक्षात राहत नाही. मी सांभाळलेल्या एका स्पॅनियलच्या पानावर 'आपण पाठ फिरवून बसलं तरच खातो' अशी ओळ होती. ती ओळ नसती तर माझ्या सुट्टीच्या दिवशी आलेल्या मुलाने त्याला दोन दिवस उपाशी समजून डॉक्टरांकडे पळवलं असतं.

सगळी कुत्री एकत्र मोकळी सोडतात का, तेही विचारा. जाहिरातीत हिरवळीवर धावणारी कुत्री फार छान दिसतात. पण बाहेरून आलेली, एकमेकांना अनोळखी कुत्री नीट जोड्या बघून, आकार बघून, माणसाच्या डोळ्यांसमोर सोडायची असतात. खाणं आणि खेळणी त्या वेळी उचलून ठेवायची असतात. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं तर उत्तम. 'आमच्याकडे कधी भांडण होतच नाही' असं कोणी म्हणालं तर मी तरी माझं कुत्रं परत गाडीत घालेन.

सोबत काय द्यायचं: तिचं रोजचं खाणं, दिवसागणिक पुड्या बांधून. केनेलचं खाणं कितीही महागडं असलं तरी अचानक बदललेलं खाणं आणि ताण मिळून जुलाब ठरलेले. तुमचा वापरलेला, न धुतलेला टी-शर्ट द्या, पण ती कापड फाडून गिळणाऱ्यांतली असेल तर देऊ नका. मायक्रोचिप असेल तर चिपवरचा पंधरा आकडी क्रमांक लिहून द्या आणि त्या क्रमांकाशी जोडलेला फोन नंबर अजून तुमचाच आहे का, ते आज बघा. बहुतेकांचा जुना असतो. आणि एक कागद: 'आमच्याशी संपर्क झाला नाही तर अमुक खर्चापर्यंत उपचार करा', खाली सही. रोलरकोस्टरवर फोन लागत नाही.

केनेलने खोकल्याची लस मागितली आहे. निघायला चार दिवस आहेत. चालेल का? रेबीजची दिलेली आहे, बाकी लसी लागतात का?

बोर्डेटेलाची लस म्हणताय, म्हणजे केनेल कफ या खोकल्याला कारण होणाऱ्या एका जिवाणूवरची. ती मुख्यतः दोन तऱ्हेने देतात. नाकात थेंब घालायची लस साधारण तीन दिवसांत काम करू लागते. इंजेक्शनची असेल तर आधी कधीच न घेतलेल्या कुत्र्याला दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि दुसऱ्या डोसनंतरही काही दिवस थांबावं लागतं. म्हणजे चार दिवसांत इंजेक्शन निरुपयोगी, नाकातली लस जेमतेम. आजच डॉक्टरांना फोन करा. केनेलनेही स्वतःची मुदत ठरवलेली असते, कुठे लसीनंतर दोन दिवस, कुठे आठवडा. तेही विचारा.

केनेल कफ एकट्या बोर्डेटेलामुळे होत नाही, त्यात विषाणूही असतात. म्हणून लस घेतलेलं कुत्रंही खोकू शकतं, पण सहसा हलकं निभावतं. लागण झाल्यापासून दोन ते चौदा दिवसांत खोकला दिसतो. कोरडा, खणखणीत, घशात काही अडकल्यासारखा, शेवटी उबळ. म्हणजे सहलीहून आल्यावर आठवड्याने सुरू झाला तरी तो केनेलमधूनच आलेला असू शकतो. तेव्हा केनेलला फोन करून सांगा. भांडायला नाही, त्यांना बाकीच्या मालकांना कळवता यावं म्हणून. चांगलं केनेल तुमचे आभार मानतं.

बाकी डिस्टेंपर आणि पार्वो या विषाणूंच्या आजारांवरच्या लसी हव्यातच. पार्वो 1978 च्या सुमाराला जगभर पसरला आणि तेव्हापासून प्रत्येक केनेलवाल्याच्या झोपेत येतो, कारण तो जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. लेप्टो आणि फ्लूच्या लसी तुमच्या भागावर अवलंबून. कुत्र्यांचा फ्लू हा तसा नवा पाहुणा. 2004 मध्ये फ्लॉरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंडमध्ये घोड्यांकडून आलेला एच3एन8 हा फ्लूचा विषाणू सापडला, आणि 2015 मध्ये शिकागोत आशियातून आलेला एच3एन2 पसरला. तिथे जाणार असाल तर डॉक्टरांना विचारा, आणि निदान दीड महिना आधी, कारण त्यालाही दोन डोस.

रेबीजची पहिलीच लस असेल तर ती घेऊन अठ्ठावीस दिवस होईपर्यंत अनेक ठिकाणी कुत्र्याला 'लसवंत' धरत नाहीत. तारीख बघा.

आम्ही दोन-तीन तासच पार्कात असणार. काचा थोड्या खाली करून, सावलीत गाडीतच ठेवलं तर?

नाही.

एवढंच लिहून थांबणार होते, पण दरवर्षी कोणीतरी 'पण सावली होती' असं लिहितं. 2005 मध्ये एका अभ्यासात बंद गाडीतलं तापमान मोजलं. बाहेर 22 अंश सेल्सिअस, म्हणजे अगदी सुखद हवा, असतानाही तासाभरात आत 47 पर्यंत गेलं. जी वाढ व्हायची तिच्यातली ऐंशी टक्के पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या उघड्या ठेवून जवळजवळ काही फरक पडला नाही. कुत्र्याला घाम येऊन अंग थंड करता येत नाही, ते धापा टाकून गारवा मिळवतं, आणि गरम हवेत धापा टाकून काही मिळत नाही. शरीराचं तापमान एरवी 38 ते 39 च्या आसपास असतं. 41 च्या पुढे गेलं की अवयव निकामी होऊ लागतात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना त्याहून कमी वेळ लागतो. सावली सरकते, रांग लांबते. एसी चालू ठेवून गाडी सोडणारेही असतात. इंजिन बंद पडलं तर तुम्ही राइडमध्ये उलटे लटकलेले असाल.

आमचा कुत्रा फार भित्रा आहे. डॉक्टरांकडून झोपेची गोळी आणून केनेलला दिली तर?

केनेलवाल्याच्या बाजूने सांगते: पेंगुळलेलं कुत्रं आम्हाला नको असतं. ते आजारी आहे की गोळीत आहे, हे कळत नाही. शिवाय पूर्वी सर्रास दिली जाणारी एसप्रोमाझीन शरीर ढिलं करते, भीती तशीच ठेवते. कुत्रं घाबरलेलंच असतं, फक्त हलू शकत नाही. आता डॉक्टर अशा वेळी भीतीवरची वेगळी औषधं देतात, ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन वगैरे. कोणतं आणि किती, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. माझा आग्रह एकच: पहिला डोस घरी, तुमच्या समोर, मोकळ्या दिवशी द्या. काहींवर उलटा परिणाम होतो, आणि तो केनेलमध्ये पहिल्यांदा कळायला नको.

आणि खरं सांगू? अगदी घाबरट असेल तर त्याला केनेलच नको. ओळखीचं कोणी घरी येऊन राहील का बघा. नाहीच जमलं तर या वर्षी समुद्रावर जा, त्याला घेऊन. थीम पार्क पुढच्या वर्षीही असेल.

दोन कुत्री आहेत, भाऊ-बहीण. एकाच खोलीत ठेवा असं सांगावं का?

घरी एकाच गादीवर झोपत असतील तर सांगा. पण खाण्याच्या वेळी वेगळं करायला सांगा, घरी कधी भांडली नसली तरी. छोटी जागा, भोवती गोंगाट आणि मधे एक वाडगा, यात सख्खी भावंडंही बिघडतात. बहिणीची नसबंदी झाली नसेल आणि माजाची तारीख जवळ असेल तर दोघांना एकत्र ठेवायचा प्रश्नच नाही. केनेललाही लपवू नका. काही केनेल अशा कुत्र्या घेतच नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही.

तेरा वर्षांची कुत्री, हृदयाची गोळी दिवसातून दोनदा. दोन दिवसांसाठी ठेवावी का?

तिला तिच्याच घरात राहू द्या. गोळी देता येणारं माणूस घरी बोलवा. या वयात नवी फरशी म्हणजे घसरणं, नवी जागा म्हणजे रात्रभर जाग. पर्याय उरलाच नाही तर तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातच मुक्कामाची सोय आहे का विचारा. तिथे गाद्या नसतील, पण तिची फाइल असेल.

मागच्या सुट्टीत ठेवला होता. घरी आला आणि दिवसभर झोपला, आमच्याकडे बघेना, घटाघटा पाणी प्यायला, दुसऱ्या दिवशी पातळ शी. तिथे छळ झाला असेल का?

या एवढ्यावरून नाही म्हणेन. केनेलमध्ये कुत्री झोप तुकड्यातुकड्यांत घेतात, कारण शेजारचं उठलं की सगळी उठतात. ती झोप घरी भरून निघते. पाणी तो उत्साहात पितो. एकदम बादली पुढे ठेवू नका, थोडं थोडं द्या, नाहीतर गालिच्यावर परत देईल. पातळ शी ताणामुळे होते. कधी शेवटी थोडा चिकट शेंबडासारखा पदार्थ येतो, तेही ताणाच्या जुलाबात दिसतं. हलकं खाणं दिलं की एक-दोन दिवसांत थांबतं. रक्त दिसलं, उलट्या होऊ लागल्या, खाणं पूर्ण सोडलं किंवा दोन दिवसांत सुधारणा नसेल तर डॉक्टर. पिल्लू असेल तर दोन दिवसही थांबू नका.

'आमच्याकडे बघेना' याला रुसवा म्हणायचा मोह होतो. तो दमलाय हो. तुम्हीही पार्कातून आल्यावर कोणाकडे बघत नव्हता.

छळाची शंका घ्यायची ती वेगळ्या खुणांवरून: मानेवर पट्ट्याचे ओरखडे, पंजांच्या तळव्यांना फोड, अंगाला लघवीचा वास आणि पोटाखालची कातडी लाल, वजनात डोळ्यांना दिसणारी घट. शिवाय हात उचलला की दबणं, जे आधी नव्हतं. यातलं काही असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि केनेलकडे त्या दिवसांची नोंदवही मागा. वही देत नसतील तर पुढच्या सुट्टीची चौकशी दुसरीकडे सुरू करा, आणि लवकर करा. चांगल्या जागा सुट्टीच्या दोन-तीन महिने आधीच भरतात.